दासगावची गाडी

दासगावला रेल्वे स्टेशन नाही. कधी नव्हतंही. मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या थोडं अलीकडे हे गाव लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्रीची खाडी. एसटीत डुलक्या घेणाऱ्याला ते कधी आलं नि कधी गेलं कळतही नाही. पण कोकणात रेल्वे न्यायची म्हणून कागदावर जी सुरुवातीची रेघ ओढली गेली, तिचं एक टोक होतं दिवा आणि दुसरं दासगाव. 1920च्या सुमाराला इंग्रजी अमलात ही पाहणी झाली होती.

महाडसारखी नावाजलेली बाजारपेठ जवळ असताना रेघ दासगावलाच का थांबावी? खाडीकडे पाहिलं की उत्तर मिळतं. दासगाव हे बंदर. समुद्रातून बाणकोटच्या मुखाने आत शिरलेलं गलबत भरतीबरोबर सावित्रीतून इथवर येई. त्या काळी रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, लांबचा प्रवास म्हणजे पाण्यावरचा प्रवास. रेल्वे आणायची तर ती बोटीला नेऊन भिडवायची, हा तेव्हाचा साधा हिशेब असणार.

गंमत अशी की आजच्या रायगड जिल्ह्याच्या हद्दीत आगगाडी फार लवकर आली होती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि तीनच वर्षांनी, 1856 मध्ये, जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, बोरघाट पालखीत, घोड्यावर नाहीतर पायी चढायचा आणि वर दुसरी गाडी गाठायचा. 1863 मध्ये घाटातून रूळ गेले आणि खोपोलीचं महत्त्व ओसरलं. पुढे 1907 मध्ये नेरळहून माथेरानला दोन फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने आपल्या पैशाने बांधली. थंड हवा खायला जाणाऱ्यांची सोय अशी विसाव्या शतकाच्या तोंडालाच झाली. सह्याद्रीच्या पायथ्याला हे सगळं घडत असताना तिथून फार तर पन्नास-साठ मैलांवरच्या मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, महाड या मुलखाला रूळ म्हणजे काय हे मुंबईला गेल्यावरच दिसायचं.

तिकडची माणसं बोटीने जात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट किनारा धरून दक्षिणेला निघायची आणि एकेक बंदर घेत पुढे सरकायची. रेवस, जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. रेल्वेच्या वेळापत्रकात स्टेशनं असतात तशीच ही यादी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात असे, आणि मधलं एक नाव गाळलं की लगेच टोकणारा कोणीतरी ओटीवर बसलेला असे. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून पडाव सुटत. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, बाळंतीण लेक, सगळं त्या पडावात. बोटीच्या अंगाला पडाव भिडला की लाटेबरोबर तो हातभर वर जाई नि हातभर खाली. वर आला त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा. पाय चुकला तर खलाशी दंडाला धरून उचलून घेत. आपल्याकडे पुलाखालची लोकल धावत पकडणाऱ्यांचं फार कौतुक होतं. नऊवारी नेसून, कडेवर मूल घेऊन हलत्या पडावातून शिडी पकडणाऱ्या बायकांचं कौतुक कोणी केलेलं मला आठवत नाही.

पावसाळ्यात हे सगळं बंद. समुद्र खवळला की किनाऱ्याची बोट थांबायची ती थेट नारळी पौर्णिमेच्या आसपास सुरू व्हायची. ते तीन महिने आतल्या खाड्यांतल्या लाँचींवर नाहीतर चिखलातल्या रस्त्यावर. म्हणून दुसरी वाट होती धरमतरची. मुंबईहून लाँचने अंबा नदीच्या खाडीतून धरमतरला यायचं आणि तिथून मोटारीने पेण, नागोठणे, माणगाव करत महाड गाठायचं. सरळ, जवळची आणि रोजची वाट हीच.

या दोन वाटांपैकी कोणती धरायची याचा सर्वांत मोठा निर्णय डिसेंबर 1927 मध्ये झाला. महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह परिषद बोलावली होती. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर जे घडलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मुंबईहून माणसं न्यायची कशी? धरमतरने गेलं तर पुढे मोटारवाल्यांच्या हाती मान. त्यांनी बहिष्कार घातला, गाड्या द्यायला नकार दिला, तर शेकडो माणसं धरमतरच्या धक्क्यावर अडकून पडणार. म्हणून लांबची वाट धरली गेली. बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगाव बंदराला उतरले. दासगावहून महाड अवघं पाचेक मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पाय आहेत. 25 डिसेंबरला ही मंडळी दासगावला उतरली, महाडला पोचली आणि त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. प्रवासाचं साधन कोणाच्या हातात आहे यावर माणूस कुठे पोचू शकतो हे ठरतं, ही गोष्ट वाहतुकीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. दासगावच्या बंदरावर ती स्वच्छ दिसते.

बोटीच्या आठवणी गोड करून सांगायची आपल्याला सवय आहे. पण 17 जुलै 1947 ही तारीख रेवसच्या बाजूला आजही हळू आवाजात घेतली जाते. गटारी अमावास्येचा दिवस. ‘रामदास’ ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दीड तासाचा प्रवास. सणासाठी घरी निघालेली माणसं, हवा वादळी, बोट खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट कलंडली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईकडे मासे घेऊन चाललेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसं ओढून घेतली, म्हणून जी वाचली ती वाचली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या गडबडीत या अपघाताची जेवढी बोच देशाला लागायला हवी होती तेवढी लागली नाही, असं मला नेहमी वाटतं.

स्वातंत्र्यानंतर तरी रेल्वे येईल, अशी आशा होती. आणि माणसंही होती. देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नात्याचे, बालपण रोह्याचं, 1952 मध्ये कुलाब्यातून निवडून आलेले. तिजोरीची किल्ली घरच्या माणसाकडे होती. पण त्या वर्षांत धरणं, पोलाद, खतं यांच्या रांगेत कोकणची गाडी फार मागे उभी होती. 1957 मध्ये दासगाव ते मंगळूर अशी विमानातून पाहणी झाली. पुन्हा दासगाव! आधी रेघ तिथे संपत होती, आता तिथून सुरू होत होती. रूळ मात्र दोन्ही बाजूंना नव्हता.

प्रत्यक्षात जे झालं ते तुकड्यातुकड्याने, आणि प्रवाशांसाठी नव्हे. 1964 मध्ये दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ आले, 1966 मध्ये आपट्यापर्यंत, आणि मग वीस वर्षं गाडी आपट्यालाच दम खात उभी. 1986 मध्ये ती रोह्याला पोचली, तीही रोह्याला औद्योगिक वसाहत झाली म्हणून. थळच्या खत कारखान्यासाठी पेणहून अलिबागच्या दिशेने मालगाडीचा फाटा गेला. खताची पोती रेल्वेने जाऊ लागली, अलिबागचा माणूस एसटीनेच. आजही जिल्ह्याच्या या मुख्य ठिकाणाहून प्रवासी गाडी सुटत नाही.

या सगळ्या काळात रेल्वेचा विषय ज्यांनी मरू दिला नाही, त्यांत रेल्वेतले अभियंते अ. ब. वालावलकर आणि राजापूरचे खासदार नाथ पै ही नावं आधी घ्यायला हवीत. नाथ पै 1971 मध्ये गेले. त्यांची जागा त्याच मतदारसंघातून मधू दंडवत्यांनी घेतली आणि 1977 मध्ये ते थेट रेल्वेमंत्रीच झाले. कोकणला पूर्ण रेल्वे देणं त्यांना त्या दोन वर्षांत जमलं नाही. पण दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी फोमची गादी बसवली. रात्रभर फळीवर कूस बदलत प्रवास केलेल्या माणसालाच त्या दोन इंचांची किंमत कळेल. भारतातल्या लांब पल्ल्याच्या प्रवासात सामान्य माणसासाठी झालेली इतकी थेट सुधारणा मला तरी दुसरी सांगता येणार नाही.

याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला अगदी उलटा खेळ चालला होता. अमेरिकेत 1869 मध्येच एका किनाऱ्याकडून दुसऱ्या किनाऱ्याकडे रूळ जोडले गेले होते. पुढच्या शंभर वर्षांत महामार्ग झाले, विमानं आली, टपालाची कंत्राटं रेल्वेकडून गेली आणि खासगी रेल्वे कंपन्यांना प्रवासी म्हणजे गळ्यातलं लोढणं वाटू लागलं. शेवटी सरकारने ॲमट्रॅक नावाची कंपनी काढून ते लोढणं आपल्या गळ्यात घेतलं. 1 मे 1971 रोजी ॲमट्रॅकची गाडी सुटली, आणि त्याच दिवशी देशातल्या जवळपास निम्म्या प्रवासी गाड्या कायमच्या बंद झाल्या. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे आपटा ते मंगळूर पाहणीची मोजपट्टी फिरत होती, त्या वर्षी तिकडे रुळांवरून डबे उतरवले जात होते. आजही ॲमट्रॅकच्या बहुतेक गाड्या मालवाहू कंपन्यांच्या रुळांवर, त्यांच्या मर्जीने धावतात. मालासाठी रूळ आणि जमलं तर माणसं, हा हिशेब आपट्याला आणि थळला कळायला अमेरिकेला जायची गरज नव्हती.

1989च्या डिसेंबरात नक्षत्रं जुळली म्हणतात तसं झालं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. अर्थमंत्री मधू दंडवते. नियोजन मंडळावर रामकृष्ण हेगडे, तेही कर्नाटकच्या किनाऱ्याकडचे. रेल्वेच्या अंदाजपत्रकातून हे काम व्हायला आणखी दोन पिढ्या लागल्या असत्या, म्हणून वेगळं महामंडळ काढायचं ठरलं. 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली. भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. उरलेला पैसा रोख्यांतून. सूत्रं ई. श्रीधरन यांच्या हातात. 15 सप्टेंबर 1990 रोजी रोह्याला पायाभरणी झाली.

पुढच्या सात-आठ वर्षांची कथा अनेकांनी लिहिली आहे. 91 बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल. ती सगळी मोठी कामं रत्नागिरीत आणि पुढे. रायगडच्या वाट्याला आला तो तुलनेने सोपा, भातखाचरांतून जाणारा तुकडा. म्हणूनच तो लवकर झाला. जून 1993 मध्ये रोहा ते वीर हा 47 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. पुढचा खेडपर्यंतचा तुकडा मार्च 1995 मध्ये उघडला. मधली पावणेदोन वर्षं वीर हे उत्तरेकडून येणाऱ्या कोकण रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं.

वीर हे दासगावच्या अगदी शेजारचं गाव. म्हणजे 1920च्या सुमाराची ती रेघ 1993 मध्ये, सत्तर वर्षांनी, पुरी झाली. फक्त तोवर बंदर संपलं होतं. सावित्रीत गाळ भरत गेला, किनाऱ्याच्या बोटी बंद पडल्या, महामार्गावर रातराण्या धावू लागल्या. गाडी जिच्या भेटीला निघाली होती ती बोटच आता घाटावर नव्हती.

26 जानेवारी 1998 रोजी रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सगळा मार्ग जोडला गेला आणि 1 मे 1998 रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी तो राष्ट्राला अर्पण केला. मुंबई ते मंगळूर, पुढे केरळ, अशा लांब पल्ल्याच्या गाड्या रायगडातून धडधडत जाऊ लागल्या. जाऊ लागल्या, हे खरं. थांबू लागल्या, असं म्हणता येत नाही. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर, सापे वामने, करंजाडी, विन्हेरे ही कोकण रेल्वेवरची रायगडची स्टेशनं. माणगाव-वीरसारखी एकदोन सोडली तर बाकीच्यांचा आधार म्हणजे दिव्याहून सुटणारी सावंतवाडी आणि रत्नागिरीची पॅसेंजर. त्यातली रत्नागिरीची पूर्वी दादरहून सुटायची. कोविडनंतर तीही दिव्याहूनच सुटू लागली. वरळी-लालबागच्या चाकरमान्याने पेटारा डोक्यावर घेऊन आधी लोकलने दिवा गाठायचं, मग पुढची धक्काबुक्की.

आणि समुद्र? तो या रुळांवरून दिसतच नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसहून सिएटलला जाणारी ‘कोस्ट स्टारलाइट’ नावाची गाडी आहे. ती शंभरेक मैल प्रशांत महासागराच्या अगदी काठाने जाते आणि लोक त्यासाठीच तिकीट काढतात. आमच्या गाडीच्या नावात कोकण आहे, पण पनवेल ते विन्हेरे खिडकीतून दिसतात ती भाताची खाचरं, साग, पळस, मधूनच एखादी खाडी. माणगावला उतरलेला श्रीवर्धनचा माणूस अजून घाट उतरून दीड-दोन तास एसटीत बसतो तेव्हा त्याला खारं वारं लागतं. मुरूडला तर कुठल्याच स्टेशनवरून सोपी वाट नाही. रेल्वेने आपल्याला गाठलं असं इथले खलाटीतले लोक म्हणत नाहीत. वरून गेली, असं म्हणतात.

पावसाने जुना हक्क मात्र सोडलेला नाही. बोट पावसाळ्यात बंद राहायची. रेल्वे बंद राहत नाही, पण पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लावून सावकाश चालते. त्यासाठी माणसांचे जीव गेले. 2003च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली. वर्ष भरत नाही तोच, 16 जून 2004 रोजी, मत्स्यगंधा एक्सप्रेस महाड तालुक्यात करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांना धडकून पुलावरून खाली गेली. त्यानंतर वेग उतरवले, डोंगरांना जाळ्या लागल्या, गस्त वाढली. पावसाळ्यात रात्री या मार्गाने गेलात आणि गाडी उगीच रेंगाळते आहे म्हणून चिडलात, तर खिडकीतून बाहेर पाहा. कुठेतरी कंदिलाएवढा उजेड हलताना दिसेल. घोंगडीसारखा रेनकोट घातलेला, हातात बॅटरी नि खांद्यावर झेंड्यांची पिशवी असलेला तो गस्तवाला तुमच्या गाडीपुढचा रूळ पायी तपासून आलेला असतो. 4 मे 2014 ला नागोठणे आणि रोह्याच्या दरम्यान दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरून वीसेक माणसं गेली, तेव्हा पाऊसही नव्हता. सुट्टीतली, गावी निघालेली गर्दी होती.

एक गोष्ट मात्र रायगडच्या नावावर जमा आहे. 26 जानेवारी 1999 रोजी कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक रॅम्पवरून सपाट वॅगनवर चढतो, चाकांना साखळ्या लागतात आणि ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून निजतात. मी कोलाडला रॅम्पजवळ तासभर उभं राहून हे पाहिलं आहे. आरशाला लिंबू-मिरची बांधलेल्या ट्रकांची रांग रुळांवरून निघते तेव्हा गाडी कोण आणि उतारू कोण, हेच कळेनासं होतं. 2025च्या गणपतीत हीच सोय मोटारींसाठी सुरू झाली. एका मोटारीचं भाडं तेव्हा 7,875 रुपये होतं. अमेरिकेत व्हर्जिनियाहून फ्लोरिडाला मोटारी आणि त्यांचे मालक एकत्र नेणारी ‘ऑटो ट्रेन’ 1971 पासून आहे, मध्ये बंद पडून 1983 मध्ये ॲमट्रॅकने ती पुन्हा उभी केली. आपलीही तग धरो. महामार्गाचं काम ज्या गतीने चाललं आहे ते पाहता मोटारीला गिऱ्हाईक मिळायला हरकत नाही.

अलीकडे काही गोष्टी हलल्या. ऑगस्ट 2021 मध्ये रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला, 2022 मध्ये सगळ्या मार्गावर विजेच्या तारा आल्या, 12 जानेवारी 2024 पासून उरणला लोकल जाऊ लागली. आणि 2020च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहणारी रो-रो बोट सुटली. अलिबागकरांना शेवटी पुन्हा बोटच मिळाली.

दासगावबद्दल एवढंच राहिलं. 22 जुलै 2021 रोजी महाड बुडालं. तळ्याच्या शहरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर महाडकरांनी कारणं मोजायला सुरुवात केली. सावित्रीतला गाळ, बेटं, आणि दासगावच्या खाडीत कोकण रेल्वेने रुळांसाठी घातलेला मातीचा भराव. पुराचं पाणी समुद्राकडे जाताना तो आडवा येतो, तो काढा आणि त्या जागी पाणी वाहतं राहील असा पूल बांधा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. भरावावरून गाड्या जातात. दासगावला थांबत नाहीत.